सब्बलमामांची हजेरी

सब्बलमामा कोणाच्याही घरी गेले की आधी छताकडे पाहायचे, मग माणसाकडे. यजमान 'या मामा, बसा' म्हणत पाण्याचा गडवा घेऊन उभा, आणि हे उंबऱ्याबाहेर मान वर करून स्लॅबचे कोपरे, तुळया, पंख्याचा हूक तपासताहेत. सगळं मनासारखं दिसलं तर आत यायचे, तेही दाराजवळच बसायचे. नाही दिसलं तर 'मी अठीच बरा हाय' म्हणून अंगणात बूड टेकायचे. माझ्या लग्नात मंडप कापडाचा होता, तरी मामा पंगतीत कडेलाच बसले. कापड पडलं तर काय होणार होतं, देव जाणे.

एवढा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि या माणसाचा जन्मभराचा धंदा होता घरं पाडण्याचा.

आर्वी तालुक्यातलं रोहणा हे माझं माहेर. मामा माझ्या आईचे लांबचे भाऊ. त्यांचं खरं नाव मतदार यादी वाचणारा सोडला तर गावात कोणाला ठाऊक नसावं. खांद्यावर कायम लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, टोक फडक्यात गुंडाळलेलं, म्हणून सब्बलमामा. कोणाचा गुरांचा कोठा मोडकळीला आला, कोणाची भिंत रस्त्यावर कलली, की मामांना बोलावणं जायचं. "बांधनारा चुकला तं लय वर्सानं समजते," ते म्हणायचे, "पाडनारा चुकला तं तठीच समजते." असं बोलून झालं की पुन्हा एकदा वर पाहायचे.

आम्ही पोरी त्यांना फार छळायचो. मागून जाऊन 'मामा, वर पाहा' असं ओरडलं की ते खरोखर डोकं धरून बाजूला उडी मारत. आम्ही खिदळायचो. "काऊन मामा, भेव वाटलं?" असं विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, "हाव. वाटलं तं." राग नाही, सारवासारव नाही. आमच्याकडे पुरुष माणूस असं कबूल करत नाही. माझे वडील विंचवाला भ्यायचे, चपलेत पाय घालण्याआधी ती चार वेळा झटकायचे, पण विचारलं तर म्हणायचे, माती लागली होती. मामांचं तसं नव्हतं. त्यांना रेल्वेच्या फाटकाची भीती वाटे, सुईची वाटे, डोळ्यांच्या डॉक्टरची वाटे, आणि ते सगळ्यांना सांगत. "भेव घरी ठेवून कामाले जाऊ नोका," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "सोबत घेऊन जा. तेच घरी वापस आनते."

ते झोपायचे बाहेर. उन्हाळा असो की पौषातली थंडी, खाट अंगणात. पाऊस आला तर खाट ओढून टिनाच्या पडवीत आणायचे. टिन पडलं तर डोकं फुटते, स्लॅब पडला तर माणूसच उरत नाही, असा त्यांचा हिशेब. मुलानं पुढे चांगलं पक्कं घर बांधलं, तरी मामा काही त्याच्या आत झोपले नाहीत. सून बिचारी लोकांना सांगून थकली की आम्ही त्यांना बाहेर काढलेलं नाही.

कामावरची त्यांची सगळ्यात मोठी सवय म्हणजे हजेरी. भिंतीवर घण घालण्याआधी, प्रत्येक वेळी, ते एकेकाचं नाव घेऊन विचारायचे, "हाय का?" ज्याचं नाव घेतलं त्यानं ओरडून 'हाव' म्हणायचं. मान हलवलेली चालत नसे. समोर उभा असला तरी तोंडानं म्हणायला लागायचं. सगळ्यांचे हाव आले की मामा थोडं थांबायचे, कान देऊन, कोणी राहिलं तर नाही ना असं, आणि मग म्हणायचे, "मंग येऊ दे खाली." त्याशिवाय एक वीटही पडत नसे. लोक कंटाळायचे. दिवसाला पन्नास वेळा हाव म्हणायचं म्हणजे काय.

यामागचं कारण मला कळलं ते आईकडून. मामांचा एक जोडीदार होता, सुदाम. बरोबरीचा, एकाच आळीतला. दोघं मिळून कामं घ्यायचे. सेलू तालुक्यात हिंगणीला एका कोठ्याचा स्लॅब पाडायला गेले होते. तेव्हाही मामा विचारायचे, पण आपलं सहज, तोंडदेखलं. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "सुदाम, हाय का?" आणि उत्तराच्या आधीच घण घातला. सुदाम आपली विडीकाडीची चंची घ्यायला पुन्हा आत गेला होता. तो बाहेर आलाच नाही. मामांना मी एकदाच त्याबद्दल विचारलं, मोठी झाल्यावर. ते बराच वेळ सब्बलीला फडकं गुंडाळत राहिले. "मी इचारलं होतं, बाई," म्हणाले. "पन उत्तराची वाट नाई पाह्यली." पुन्हा मी तो विषय काढला नाही.

आता आमच्या गॅरेजकडे येते.

लग्न होऊन मी नाचणगावला आले तेव्हापासून घराच्या बाजूला ते गॅरेज होतं. सासऱ्यांनी त्यांच्या मेटाडोरसाठी बांधलेलं, विटांच्या भिंती, वर स्लॅब. पुढे गाडी धुवायला सिमेंटचा मोठा कोबा, गॅरेजच्या भिंतीला अगदी चिकटून. मेटाडोर गेला, सासरे गेले, गॅरेजात राहिली भंगार पेटी, तुटका पाळणा आणि माझी स्कूटी. स्लॅबच्या सळया गंजून फुगल्या होत्या, खालून पापुद्रे सुटत होते. एकदा मी स्कूटी बाहेर काढली आणि हेल्मेट विसरलं म्हणून घरात गेले. परत येते तो सीटवर नारळाएवढा सिमेंटचा तुकडा, सीट फाटलेली. मी तिथंच कोब्यावर बसले. त्या दिवशी शाळेत पहिल्या तासाला काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, पाडून टाकू. कोण पाडणार, तर म्हणे मीच. बाबांनी स्वतः उभं राहून बांधलं, मी स्वतः पाडतो. आमचे हे तालुक्याच्या एका कार्यालयात कारकून. हातात पेनापेक्षा जड वस्तू कधी धरली नाही, पण मोबाईलवर घरं पाडण्याचे व्हिडिओ बघून बघून त्यांना वाटायला लागलं होतं की यात आहे काय. परदेशातला कोणी गोरा माणूस टोपी घालून एकटाच गॅरेज पाडतो आणि शेवटी कॉफी पितो. हे मला रोज दाखवायचे. मे महिन्यात दहा दिवसांची रजा टाकली, घण विकत आणला, हातमोजेसुद्धा आणले. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. हा माणूस एकदा हट्टाला पेटला की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकत नाही. शेवटी मी रोहण्याला फोन लावला आणि म्हटलं, मामा, तुम्ही या, नाहीतर मी विधवा होते.

मामा दुसऱ्या दिवशी एस्टीनं आले. वय सत्तरीच्या पलीकडे, डोळ्यात मोतीबिंदू उतरत आलेला, सोबत फडक्यात गुंडाळलेली सब्बल. कंडक्टर म्हणत होता टपावर टाका, यांनी ती पूर्ण रस्ताभर मांडीवर धरून आणली. फाटकातून आत आले, गॅरेजच्या स्लॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, याच्याखाली तू गाडी ठेवत होती?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायचे तसा.

पहिले दोन दिवस मामांनी कशालाही हात लावला नाही. नुसते गॅरेजभोवती फिरायचे, बोटांच्या पेरांनी भिंत वाजवायचे, कान लावायचे. मग माझ्याकडून कणकेची खळ मागितली. वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या आणि भिंतीत जिथं जिथं भेगा होत्या तिथं आडव्या चिकटवल्या. हे हसायला लागले, मामा भिंतीला मलमपट्टी करताहेत म्हणून. मामा म्हणाले, "कागद शाबूत हाय तोवर भित उभी हाय, जवाईबापू. कागद फाटला म्हंजे भित चालून राह्यली."

मग त्यांनी काठी घेतली आणि कोब्याच्या पलीकडे, जिथं उघडी जमीन होती, तिथल्या भेगेत घातली. आमच्याकडची काळी माती, वैशाखात तिला हात हात भेगा पडतात. काठी कोपरापर्यंत आत गेली. मामांचा चेहरा उतरला. "आत्ता नोका करू," म्हणाले. "मिरुग लागू द्या. पानी पडलं का माती फुगते, भेगा बुजतात, मंग पाडू." ह्यांनी सांगितलं की मृगात रजा मिळत नाही. मामा म्हणाले, रजा नाही भेटत तर स्लॅब तेवढा उतरवा, वरून, थोडा थोडा. भिंतींना आणि कोब्याला पाणी पडेपर्यंत हात लावू नका. "कोब्याले तं बिलकुलच नाई."

"कोबा तर जमिनीवरच आहे मामा," हे हसून म्हणाले. "तो आणखी कुठं पडणार?"

 मामांना ते माहीत होतं, पण शब्दांत मांडता येईना. नुसते म्हणाले, "मले भेव वाटते त्याचं." ह्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. कारण कोब्यालाही भिणारा माणूस म्हणजे कमालच झाली.

तिसऱ्या दिवशी काम सुरू झालं आणि माझं जेवण बंद झालं. मामांनी खालून लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले, भिंतींवर फळ्या टाकल्या. हे वर चढून कडेकडेनं घण घालायचे, मामा खाली अंगणातल्या कडुनिंबाजवळ उभे राहून कुठं घालायचा ते सांगायचे. मला त्यांनी निंबाच्या सावलीबाहेर पाय ठेवायची बंदी केली होती. आणि प्रत्येक घावाआधी हजेरी. "शोभे, हाय का?" "हाव," मी. "जवाईबापू, हाय का?" वरून चिडका 'हाव'. "मंग येऊ दे खाली."  तुकडा खाली आपटला की त्याचा हादरा पायाच्या तळव्याला कळायचा, आणि मी मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजायची, एक मामा, एक हे.

कामाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हे वैतागले. "मामा, कामावर दोनच माणसं आहोत, मी तुम्हाला दिसतो, तुम्ही मला दिसता. हजेरी कशाला? मी काय शाळेतला पोरगा आहे?" मामा म्हणाले, "मले आता बराबर दिसत नाई, बापू. आयकू येते." त्यानंतर ह्यांच्या हावमध्ये कुरकुर वाढली. रात्री जेवताना मला म्हणाले, तुझे मामा पाडायला आलेत की प्रार्थना घ्यायला.

तोवर स्लॅबचा निम्मा भाग उतरला होता. मागचा निम्मा बाकी होता, तीन भिंतींवर टेकलेला.

पुढच्या सकाळी मामांचं डोळ्यात टाकायचं औषध संपलं. पुलगावला जायचं म्हणजे त्यांना रस्ता ओलांडायची भीती, म्हणून मी सोबत निघाले. निघताना मामांनी सगळ्या पट्ट्या हात लावून तपासल्या. सगळे कागद शाबूत होते. ह्यांना म्हणाले, "आज आराम करजा. आम्ही येवोस्तर काहीच करू नोका." हे हो म्हणाले. इतक्या सहजासहजी हो म्हटलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस एका दमात हो म्हणाला म्हणजे काहीतरी ठरवून बसलेला असतो.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. परतायला बारा वाजून गेले. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. फाटक उघडून आत आलो आणि मामा थांबले. नेहमीसारखं वर पाहिलं नाही. त्यांनी खाली पाहिलं. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा आधी खाली पाहताना पाहिलं, आणि मीही खाली पाहिलं.

कोबा फोडलेला होता. गॅरेजच्या भिंतीला लागून असलेली पूर्ण बाजू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुकडे नीट रचून ठेवलेले, आम्ही आल्यावर दाखवायला. खालची माती कोरडीठाक, भिंतीच्या पायाशी बोटं जातील एवढी फट. घण तिथंच पडलेला. हे कुठं दिसेनात.

मामा पुढे झाले आणि भिंतीवरची पहिली पट्टी चाचपली. कागद मधोमध फाटला होता. दुसरी पट्टी, तीही फाटलेली. त्यांनी हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

"जवाईबापू," त्यांनी हाक मारली, "हाय का?"

उत्तर नाही.

 मला वाटलं हे घरात असतील, झोपले असतील. घराच्या दाराला बाहेरून कडी होती.

"जवाईबापू, हाय का?"

पुन्हा काही नाही. नंतर मला कळलं की हे आतच होते. उरलेल्या निम्म्या स्लॅबच्या सावलीत, सासऱ्यांच्या भंगार पेटीवर, भिंतीला पाठ लावून. ऊन लागलं म्हणून पाण्याची बाटली घेऊन बसले होते. हाक स्पष्ट ऐकू आली होती. मुद्दाम उत्तर दिलं नाही. सुरू झाली हजेरी, पाहू किती वेळा विचारतात, असं त्यांनी ठरवलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला स्वतः सांगितली आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मामांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. हातातली औषधाची पिशवी खाली टाकली आणि ते आत गेले. जो माणूस कापडी मंडपाखाली कडेला बसायचा, तो त्या स्लॅबखाली गेला, आणि वर पाहिलं नाही. मी पाहत होते. एकदाही पाहिलं नाही.

ह्यांच्या शर्टाची कॉलर धरून मामांनी ह्यांना ओढत आणलं. हे 'अहो मामा, काय करता' म्हणत होते, एक चप्पल आतच राहिली. दोघं कडुनिंबापर्यंत पोचले असतील नसतील, तोच भिंत निघाली. धाडकन नाही. आधी पायथ्याशी बाहेर सरकली, हळू, कोणी खुर्ची मागे सारावी तशी. मग बल्ल्या कलल्या आणि वरचा स्लॅब तिच्यामागोमाग आला. आवाज मी ऐकला नाही असं वाटतं. ऐकला असेल. मला आठवते ती धूळ. समोर काहीच दिसेना, नाकातोंडात माती, आणि ते दोघं त्या धुळीत कुठं तरी.

मी विचारलं, "हाय का?" आवाज माझा नव्हता. पुन्हा विचारलं.

"हाव." हे होते. रडवेला, किरटा आवाज, पण हे होते.

मग मी थांबले. दुसऱ्या हावची वाट पाहत. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी लिहिणार नाही. रोहण्याला कोणत्या तोंडानं जायचं, एवढंच सांगते. नंतर निंबाच्या बुंध्याजवळून, अगदी बारीक, "हाव" आला.

धूळ बसली तेव्हा मामा बुंध्याला टेकून बसले होते. सर्वांग थरथरत होतं, दात वाजत होते, त्या उन्हात. त्यांचं धोतर ओलं झालं होतं. माझं लक्ष गेलेलं पाहून त्यांनी गुडघे पोटाशी घेतले. "कोनाले सांगजो नोको, बाई," म्हणाले. भीती वाटते हे सगळ्या जगाला सांगणाऱ्या माणसानं तेवढी एकच गोष्ट लपवायला सांगितली. मी आज ती लिहिते आहे, कारण मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. त्या ओल्या धोतरात माझं कुंकू आहे. रागवायचे असतील तर रागावोत.

ह्यांनी आतून आपली लुंगी आणली, मामांना हात धरून मोरीपर्यंत नेलं. धोतर स्वतः धुतलं, स्वतः वाळत घातलं. मी धुवायला पुढे झाले तर मला हातानंच बाजूला केलं. लग्नानंतर स्वतःचा रुमालही न धुतलेला माणूस. मग येऊन मामांच्या पायाशी बसले. 

"भेव वाटते त्याची लाज नाई, जवाईबापू," मामा म्हणाले. "हाक आयकून उत्तर नाई देल्लं, त्याची लाज हाय."

"चुकलं मामा," हे म्हणाले.

"माहंही चुकलं. कोब्याले हात लावू नोका म्हनलं, पन काऊन ते नाई सांगतलं." आणि मग त्या दिवशी त्यांना ते शब्द सापडले. "उन्हाळ्यात काळी माती भितीले सोडून देते. पाया असा मोकळा पडते. मंग भित कोनाच्या भरोशावर उभी रायते? शेजाऱ्याच्या. तो कोबा तिचा शेजारी होता. तुमी त्याले काढलं, अन् वरून तिच्या पायापाशी घण घातले." ह्यांनी खाली मान घातली. इतकी सोपी गोष्ट. आधी सांगता आली असती तर हे थांबले असते का, मला खात्री नाही.

उरलेलं काम पाणी पडल्यावर झालं. ह्यांनी बिनपगारी रजा टाकली. मामा पुन्हा आले, खुर्ची निंबाखाली टाकून बसले. हजेरी सुरूच होती, आणि आता वरून हाव असा यायचा की शेजारचे लोक बाहेर येऊन पाहायचे. शेवटची वीट निघाली तेव्हा मामांनी सब्बल पुसली, फडक्यात गुंडाळली आणि आमच्याकडेच ठेवली. म्हणाले, "आता हे उचलत नाई माह्याच्यानं." ती आजही आमच्या दारामागे उभी आहे.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. पौषात रोहण्याहून सुनेचा फोन आला की मामा जेवत नाहीत, माणसं ओळखत नाहीत, तुम्ही येऊन जा. आम्ही दोघं दुपारी पोचलो. खाट अंगणातच होती, अंगावर दोन दुलया. डॉक्टर आत हलवा म्हणत होते, पण आत उचललं की त्यांचे हात हवेत काहीतरी अडवायला लागायचे, म्हणून पुन्हा बाहेर आणलं होतं. किती लहान झाले होते. मी खाटेच्या कडेला बसले, हे पायाशी उभे राहिले.

मामांचे डोळे उघडे होते, पण ते आभाळाकडे लागलेले. तिथं पडण्यासारखं काही नव्हतं. तरी ते पाहत होते.

"शोभे, हाय का?" अचानक म्हणाले.

मी म्हटलं, "हाव, मामा."

"जवाईबापू, हाय का?"

"हाव मामा," हे म्हणाले, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं.

मामा थांबले. कान देऊन. मग म्हणाले, "सुदाम, हाय का?"

 सून पदर तोंडाला लावून दारात उभी होती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मामांचे ओठ पुन्हा हलले, हात दुलईबाहेर येऊन थरथरायला लागला, त्या दिवशी निंबाखाली थरथरला होता तसाच. "सुदाम," ते म्हणाले, "हाय का?"

हे पुढे झाले. खाटेशी गुडघे टेकले, तो हात दोन्ही हातांत धरला.

"हाव," हे म्हणाले.

मामांनी ऐकलं. हात थांबला. नेहमीसारखी थोडी वाट पाहिली, आणखी कोणी राहिलं तर नाही ना अशी. मग डोळे मिटून म्हणाले, "मंग येऊ दे खाली."